सगळेच फुलटॉस

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत अमेरिकन साहेबाने ऑफिसात फँटसी बेसबॉलची लीग काढली. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपली टीम निवडायची, ते खेळतील तसे आपल्याला पॉइंट. बॉल फेकणाऱ्या एका विशीतल्या पिचरवर सगळ्यांचा डोळा होता. नाशिकच्या क्लबात बारा वर्षं स्पिन टाकलेल्या सुबोधने मोबाइलवर त्याची दहा मिनिटं 'बॉलिंग' पाहिली आणि नाक मुरडलं.

"कसला डोंबलाचा बॉलर! एकाही बॉलचा टप्पा पडत नाही, सगळेच फुलटॉस. वर हात कोपरात वाकतो. फुकट दिला तरी नको."

साहेबाने तो पिचर गुपचूप स्वतःच्या टीममध्ये घेतला.

महिन्याभराने डिपार्टमेंटची क्रिकेट टीम निवडायचं काम साहेबाकडेच आलं. सुबोधने जेद्द्याहून नवे बूट आणले, शुक्रवारी नेटमध्ये जीव तोडून बॉलिंग टाकली. यादीत त्याचं नाव नव्हतं. तो तडक केबिनमध्ये गेला.

साहेब मनापासून हळहळला.



"मेहनत दिसते रे सुबोध, पण तुझा एकही बॉल धड पोचत नाही. सगळेच आधी जमिनीवर आपटतात!"