बघण्यालायक

"चार भागांत गाशा गुंडाळला त्या मालिकेनं, आणि चौथाही उगीचच दाखवला," ऱ्होंडा म्हणाली. "ती लॉन्ड्रीची मालिका बघण्यापेक्षा मी खऱ्या लॉन्ड्रीत जाऊन बसेन. निदान कपडे तरी स्वच्छ होतील!"

चर्चच्या तळघरात हशा पिकला. क्लीव्हलंडची ही मंडळी अधूनमधून रविवारची प्रार्थना आटोपली की इथं जमत. टीव्हीवर जन्मल्या न जन्मल्या तोच बंद पडलेल्या विनोदी मालिका, आणि त्यांतली कुठली बघण्यालायक यावरची भांडणं, एवढाच त्यांचा उद्योग.

"तुझी ती बोलक्या बाहुलीवाल्या महापौराची मालिका बरी!" एमिल कोवाच म्हणाला. "बाहुली बोलते आणि ओठ ह्याचे हलतात."

"म्हणून तर महापौर आहे तो, शहाण्या!"

एमिल हसला, पण आज त्याचं भांडणात लक्ष नव्हतं. पलीकडे त्यांच्यातला तरुण कर्टिस संगणकाच्या तारा टीव्हीला जोडत होता. लॉन्ड्रीच्या मालिकेची टेप एमिलची. लग्न झाल्या झाल्या तो आणि आयरीन कॅलिफोर्नियाला गेले होते, तेव्हा फुकट पास मिळाले म्हणून ह्याच मालिकेच्या चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसले. आयरीनला विनोद उशिरा कळे. सगळे हसून गप्प झाले की मग तिचं एकटीचं हसू फुटे, उचकी लागावी तसं. पुढे तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा एमिलनं टेप केला, आणि त्यात ते हसू उतरलं होतं. तिचे फोटो घरभर होते. आवाज फक्त तिथं.

ईस्टरच्या आधी ती गेली. तेव्हापासून एमिलनं ती टेप इतकी वाजवली, की चित्र मुंग्यांनी भरून गेलं. म्हणून त्यानं ती संगणकावर उतरवून घ्यायला कर्टिसकडे दिली. कारण सांगितलं नाही. लोक मालिकेला नावं ठेवत, ते चालत होतं. तिच्या हसण्याला कुणी काही बोललं असतं, तर ते सोसवलं नसतं.

"टेप शेवटची एकदाच चालली, एमिल," कर्टिस म्हणाला. "मशीनमध्येच तिचा चुरा झाला. पण घाबरू नका, त्याआधी सगळं उतरवून घेतलं. आणि तुमच्यासाठी एक गंमत केलीय. बघाच."

चित्र लख्ख उमटलं. लॉन्ड्रीचा मालक बोलला, त्याची बायको बोलली. मधे नुसती शांतता.

"आवाज गेला का रे?" एमिलनं विचारलं.

"हशा काढून टाकला!" कर्टिसचा चेहरा फुलला होता. "त्या हशानंच मालिकेचा घात केला होता. राजम्यातले खडे निवडावेत तसा एकेक वेचून काढलाय. एक बाई तर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायची. हशा भरायच्या मशीनचाच बिघाड असणार. तिनं फार छळलं मला."

"आधीचं... जसं होतं तसं, ते असेल ना तुझ्याकडे?"

"नाही हो. त्यातूनच तर काढलं. तो कचरा कोण ठेवतंय?"

एमिल पडद्याकडे वळला. हळूहळू तळघरातल्या सगळ्यांचंच लक्ष तिकडे लागलं. लॉन्ड्रीतली ती दोघं आता वेगळीच वाटत होती. ऱ्होंडानं डोळे पुसले.

"अगं बाई, किती एकटी माणसं ही! मी शब्द मागं घेते. बघण्यालायक!" तिनं हात वर केला. बाकीच्यांनीही केले. "जिंकलास रे एमिल!"

कर्टिस त्याच्याकडे आशेनं बघत होता. एमिलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "फार मेहनत घेतलीस, बाळा. देव तुझं भलं करो."

पडद्यावर मालक इस्त्री उचलून काहीतरी बोलला आणि थांबला. मग पुढचं वाक्य बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"आता हा मधेच कशाला थांबला?" ऱ्होंडा कुजबुजली.

इस्त्री हातात तशीच धरून तो समोर प्रेक्षकांच्या अंधारात कुणाकडे तरी बघत होता. बघता बघता त्याला हसू आलं. आणि वाफ विरेपर्यंत तो तसाच थांबून राहिला.