पाय उचलून

भाचीनं पुन्हा डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि बॅट फिरायच्या आत बॉल मागच्या जाळीवर जाऊन आपटला.

बॉल टाकणारी तिची मावशी क्लबातल्या मुलींची सॉफ्टबॉलची कोच होती. उद्या संघाची निवड होती. समोरची पिचर वेगात टाकणार, एवढा मोठा पाय उचलून खाली ठेवेपर्यंत बॉल निघून जाणार, हे ती सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होती. पाय नुसता पुढं सरकवायचा, आधी कंबर वळवायची, हात आपोआप मागून येतात. पोरगी मान डोलवायची आणि पुन्हा पाय उचलायची.

शेवटी मावशी जवळ आली आणि तिनं भाचीची कंबर दोन्ही हातांनी धरून वळवून दाखवली.

"मला आईनं शिकवलंय असं," भाची तिच्याकडं न बघता म्हणाली.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"माहितीय," मावशी म्हणाली. "तिलाही हेच सांगून थकले मी. माझं ऐकेल तर शपथ."

"मग काय म्हणायची?"

"म्हणायची, ताई, तू बॉल टाक. पायाचं माझं मी बघते."

भाची हसली. मग बराच वेळ बॅटच्या मुठीवरची पट्टी नखानं खरवडत राहिली आणि पुन्हा बॅट सावरून उभी राहिली. या वेळी पाय जमिनीलगत सरकला, कंबर वळली, मागोमाग हात आले. खणखणीत आवाज झाला आणि बॉल थेट कुंपणाला लागला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. मावशीनं तिची पाठ थोपटली. पण पोरीचा चेहरा उतरला होता.

"आता मी आईसारखी दिसत नसेन, ना?"

मावशीनं बादली उचलली. ती बॉल गोळा करायला गेली. बादली घेऊन परतली तेव्हा भाचीनं विचारलं, शेवटचा एक जुन्या पद्धतीनं मारू का. निवडीच्या आदल्या दिवशी मोडलेली सवय कुठलाच कोच परत लावू देत नाही. तरी मावशीनं बॉल टाकला, अगदी हळू.

पाय गुडघ्यापर्यंत वर गेला, जरासा तिथंच थांबला. बॉल बॅटला जेमतेम लागून बाजूच्या गवतात गेला.

भाची बॅट पिशवीत घालायला लागली.

"थांब," मावशी म्हणाली. तिच्या हातात दुसरा बॉल होता. "अजून एक. तसाच."