मुकी पट्टी

रस्त्यासाठी जुनं चर्च पाडलं, तेव्हा तिथला ऑर्गन पाइप न् पाइप सुटा करून नव्या चर्चमध्ये पुन्हा उभा केला. "मुकी पट्टीसुद्धा बोलती केली, बाई," कारागिरानं ऑर्गन वाजवणाऱ्या एस्तेरबाईंना ऐटीत सांगितलं.

ती पट्टी वर्षानुवर्षं मुकीच होती. तो सूर आला की मंडळी छाती भरून गायची आणि खड्डा बुजवायची.

रविवारी पहिल्याच कडव्यात पट्टी खणखणीत वाजली. मंडळी दचकून गप्प झाली. एस्तेरबाईंना वाटलं, घरच्या बोलण्यात पाहुण्यानं तोंड घातलं.

दुसऱ्या कडव्यात तो सूर आला तेव्हा त्यांनी पट्टी न दाबता बोट वरच धरलं. मंडळीच्या आवाजानं सगळं चर्च दणाणलं.

कारागीर हत्यारांची पेटी घेऊन धावला. "पुन्हा बंद पडली?"

"बसा हो," बाई वाजवता वाजवता म्हणाल्या, "तेवढा सूर मंडळीकडे असतो."