एमेटच्या नावाचा टोला

सकाळी अकरा वाजता अमेरिकेतल्या ग्रोटनच्या बंदरावर, दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या एका पाणबुडीच्या खलाशांची नावे वाचली गेली. प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला पडला. नव्वदीच्या लोरेटा शेवटच्या टोल्यापर्यंत उभ्या होत्या. भावाचे नाव यंदाही आले नाही.

"मिस लोरेटा, एमेट वैमानिक होता," बुडालेल्या पाणबुड्यांचा शोध घेणारे पेल्की म्हणाले. "इथं फक्त खलाशांची नावं घेतात."

"बुडाला तर तुमच्याच पाणबुडीत ना? की तिकीट काढलं नव्हतं म्हणून मोजायचा नाही?"

विमान कोसळल्यावर समुद्रातून उचललेल्या वैमानिकाला गस्त संपेपर्यंत पाणबुडीतच ठेवत, आणि एमेटला उचललेल्या पाणबुडीची ती गस्त संपलीच नव्हती.

"त्याला उचलल्याची तार आली, तेव्हा आईनं रेशनची सगळी साखर एका केकमध्ये घातली होती," लोरेटा म्हणाल्या.

"वैमानिकांच्या स्मारकावर विचारून पाहा."

"विचारलं. तिथं मेलेल्यांचीच नावं वाचतात, म्हणे."



त्या स्मारकाशेजारी सुखरूप वाचवलेल्या वैमानिकांचीही एक भिंत आहे. एमेटचे नाव अजून तिच्यावरच आहे.