कुठल्या रस्त्याने?

"एकट्याच?"

चाकातला खिळा पकडीने ओढता ओढता पंक्चरवाल्याने विचारलं. तिने नुसती मान हलवली. हेल्मेट काढलं नाही.

"आणि पुढे कुठल्या रस्त्याने?"

हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता. घाटाच्या पायथ्याशी बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्या बाईने तो विचारला होता. मग नाक्यावरच्या पहारेकऱ्याने. त्याने तर आडवा बांबू उचलण्याआधी मोटरसायकलचा नंबर वहीत टिपून घेतला. ती पुढे निघाली तेव्हा आरशात दिसलं, त्याने फोन कानाला लावला होता. आणि आता हा. मागचं चाक बसलं म्हणून ती गाडी ढकलत वळणावर आली, तर हा पाना हातात घेऊन रस्त्यातच उभा. म्हणाला, "या ताई, मघापासून तुमच्या वाटेकडेच डोळे लावून बसलो होतो."

विमा कंपनीत दावे तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तीन माणसं एकच वाक्य बोलली की ते पढवलेलं असतं, एवढं तिला कळत होतं. तिने खिळा उचलून पाहिला. गंजलेला होता. मुद्दाम टाकला असता तर कोरा असता. मग तिला वाटलं, हुशार माणूस गंजलेलाच टाकेल.

"खालच्या रस्त्याने," ती म्हणाली. "नदीकाठच्या."

"बरं. तासाभरात वरच्या गावात पोचाल. तुमचा फोन नंबर देऊन ठेवा."

तिने दिला. शेवटचे दोन आकडे उलटे करून दिला. त्याने तो जपून लिहून घेतला. ती निघाली आणि त्याचाही हात खिशातल्या फोनकडे गेला.

फाट्यावर तिने मागे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने गाडी वरच्या रस्त्याला घातली.

रस्ता कसला, डोंगराच्या अंगावरचा ओरखडा. खडी उखडलेली, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्या गिअरशिवाय गाडी चढेना. दोनदा मागचं चाक घसरलं. दोनदा तिने पाय टेकून सावरलं, आणि दोन्ही वेळा मनात आलं की इथून आपण खाली गेलो तर आठवडाभर कोणाला पत्ता लागायचा नाही. लेकीला तिने घरी असल्याचं सांगितलं होतं. गुडघा दुखतोय, म्हणाली होती. पन्नाशीत मोटरसायकल घेतली, हे लेकीला अजून माहीतच नव्हतं.

दीड तासाने इंजिन तापलं म्हणून ती थांबली. इंजिन बंद केल्यावर खालचा आवाज वर आला. नदीकाठच्या रस्त्यावरून एक पिकअप धूळ उडवत जात होती. तिच्यामागे दुसरी. दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत माणसं दाटीने उभी होती. एका वळणावर गाड्या थांबल्या. माणसं उड्या टाकून उतरली आणि रस्त्याच्या कडेने पांगली. कोणीतरी ओरडत होतं. शब्द कळत नव्हते.

दिसू नये म्हणून ती गाडीआड वाकली. त्याबरोबर थोडा अभिमानही वाटला. खालून आपण गेलो असतो तर आयतेच त्यांच्या हातात सापडलो असतो.

गावात ती शिरली तेव्हा उन्हं कलली होती. गाव ओस पडलेलं. शिंप्याच्या दुकानात मशीनच्या सुईखाली अर्धी बाही तशीच अडकलेली. लाकडाच्या वखारीपुढे ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड. मुक्कामाच्या खोल्या होत्या त्या घराच्या दारात तेवढी एक म्हातारी मालकीण उभी होती. तिने आधी गाडीचा नंबर वाचला. मग हिच्याकडे पाहिलं.

"वरच्या रस्त्याने आलात?"

"हो."

"पण तुम्ही तर खालच्या म्हणाला होतात."

तिचा हात किल्लीवरच राहिला. गाडी वळवायला किती जागा आहे, ते तिने नजरेने मोजलं. मालकिणीने फोन कानाला लावला.

"सापडली," मालकीण म्हणाली. "हो, इथेच. माझ्यासमोर उभी आहे. काही झालेलं नाही, धडधाकट आहे. त्याला वर ओढा आता."

"कोणाला?" तिने विचारलं.

"पंक्चरवाल्याला. कमरेला दोर बांधून दरीत उतरलाय." मालकिणीने फोन पदराखाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती दमलेली होती. "तासाभरात यायच्या होतात, आला नाहीत. फोन लावला तर भलत्याच माणसाने उचलला. मग म्हटलं, गेली ही पण. आहे ते टाकून सगळे धावले."

तिने हेल्मेट काढलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"पण माझी तुमची ओळख ना पाळख," ती म्हणाली. "एवढं कशासाठी?"

मालकीण दाराच्या पायरीवर बसली. खाली दरीकडे पाहत राहिली.

"गेल्या वर्षी एक जण असाच एकटा गेला. गाडीसकट खाली पडला. तीन दिवस जिवंत होता."

"आणि कोणाला कळलंच नाही?"

मालकिणीने पायरीवरची माती हाताने झाडली.

"हाका ऐकू येत होत्या," मग ती म्हणाली. "साऱ्या गावाने ऐकल्या. आम्हाला वाटलं, कोणीतरी गुरं वळतंय."