हुबेहूब आवाज

फसव्या फोनपासून लोकांना सावध करायला बँकेनं फुलंब्रीच्या शाळेत मेळावा भरवला होता. बोलायला शहरातून आलेला साहेब गावचाच, कडूबाईचा सम्यक. ओटीपी, लिंका, खोटे मेल असं सगळं समजावून झाल्यावर त्यानं पुढच्या रांगेतल्या आपल्या आईकडं मोठ्या तोऱ्यात बोट दाखवलं.

“भामट्यानं माझाच आवाज बनवून हिला फोन केला. ‘माय, तुझं खातं बंद पडलंय, ओटीपी सांग’ म्हणाला. पण माझी माय फसली नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सम्यकनं खाली उतरून माईक आईच्या तोंडापुढं धरला. “सांग माय सगळ्यांना. आवाज हुबेहूब माझा, मग चोर ओळखलास कसा?”

कडूबाई लाजली. पदर सावरत म्हणाली, “आवाज तुझाच व्हता रं. पर मी माझ्या गुडघ्याचं सांगाया लागले, तर त्यानं समदं निवांत ऐकून घेतलं. वर ‘दवाखान्यात गेलतीस का’ म्हणून इचारलं बी. तवाच वळखलं, ह्यो माझा सम्यक नाय.”