विरजणाची वाटी

दह्याच्या जिवाणूंचं पेटंट घेतलेल्या कंपनीचा परवाना घरी दही लावायलाही लागू लागला, त्याला अठरा वर्षं झाली होती. चाळीसगावच्या द्वारकाबाई बोरसे पेटंट न्यायालयात विरजणाची वाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सासूच्या सासूपासून चालत आलेलं त्यांचं विरजण पेटंटहून जुनं ठरलं, तर दही सगळ्यांसाठी मोकळं होणार होतं. देशात असं दुसरं विरजण उरलंच नव्हतं.

यंत्रानं थेंब तपासला.

“यात कंपनीचे जिवाणू आहेत,” न्यायाधीश म्हणाले.

त्यांच्या वकील रेवतीचा चेहरा उतरला. “मावशी, यात बाहेरचं दही कधी मिसळलंत का?”

“नाही गं.” मग द्वारकाबाईंना आठवलं. “शेजारच्या कुमुदला चमचाभर विरजण दिलं होतं. वाटी परत करताना तिनं तिच्याकडचं विकतचं दही घातलं. शेजारणीची वाटी रिकामी कशी द्यायची? अन् मी तरी ते टाकू कशी? आमच्याच भांड्यात ओतलं.”

“म्हणजे हे विरजणही कंपनीचंच,” न्यायाधीशांनी निकाल दिला.

कंपनीच्या माणसानं सगळं दही बाटलीत काढून सीलबंद केलं. मग वाटी स्वच्छ धुऊन, पुसून द्वारकाबाईंच्या हातात परत दिली. रिकामी.